आधी कपाट, मग मशीन: मंगळवार पेठेतल्या एका रेकॉर्ड-संग्रहाचं प्रकरण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एक निवृत्त शिक्षक राहतात. गल्ली त्यांना सर म्हणते, मीही तेच म्हणतो. घरात वडिलांपासून चालत आलेलं रेकॉर्ड्सचं कपाट आहे आणि त्याच्या खालच्या फळीवर रेकॉर्ड वाजवायचं जुनं मशीन, गॅरार्डचं एसपी-२५, कित्येक वर्षं बंद. मुलगा पुण्याला आयटीत. दिवाळीला येताना त्याने बाबांसाठी सुटकेससारखा उघडणारा नवा प्लेअर आणला. सरांनी तो हौसेने वाजवला आणि मग तक्रारी सुरू झाल्या. आवाज घोगरा येतो, 'स' आणि 'श' फुत्कारतात, आणि ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डवर गाण्यापेक्षा खरखरच जास्त. मुलाने उपाय काढला तो असा, की ऐंशी हजारांच्या घरातलं, बेल्टवर चालणारं एक देखणं परदेशी टर्नटेबल घ्यायचं. एका दुकानदारानेही तेच सुचवलं होतं. पैसे भरायच्या आधी सरांचा फोन आला, "एकदा बघून जावा. पोराचं म्हणणं आहे की मशीनच बदलायला पाहिजे."

मशीन बदलायचं की नाही हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. कपाटात काय आहे यावर सुई ठरते, सुईवरून कार्ट्रिज (सुईच्या कंपाची वीज करणारी डबी), कार्ट्रिजवरून टोनआर्म (ती डबी धरणारा हात), आणि टोनआर्मवरून मशीन. दुकानात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण शोकेसमध्ये दिसतं ते मशीन. सुई दाखवायला भिंग लागतं.

कपाट

म्हणून आधी कपाट उपसलं. ढोबळ मानाने तिसरा हिस्सा ७८ च्या लाखेच्या रेकॉर्ड्स होत्या. बालगंधर्वांची पदं, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या सुरुवातीच्या काळातल्या काही तबकड्या, थोडी भजनं. भारतात ७८ च्या रेकॉर्ड्स १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या, त्यामुळे इथल्या जुन्या घरात त्या युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त उशिराच्या आणि जास्त चांगल्या अवस्थेतल्या सापडतात. दुसरा गठ्ठा ४५ गतीच्या ईपींचा, म्हणजे लहान तबकड्यांचा, बहुतेक चित्रपटगीतं आणि लावण्या. उरलेल्या एलपी, म्हणजे ३३⅓ गतीच्या मोठ्या तबकड्या, त्यात जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं भरपूर. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला ज्या गावात राहिले त्या गावातल्या संग्रहात हे नसतं तरच नवल.

एलपीच्या लेबलवरचे क्रमांकही बघितले. एचएमव्हीच्या जुन्या भारतीय एलपींवर क्रमांकाआधी ईएएलपी असेल तर रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, ईएएसडी असेल तर स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांचं. सरांकडे मोनोचं पारडं जड निघालं. ७८ आणि मोनो एलपी मिळून अर्ध्याहून जास्त संग्रह एका वाहिनीचा होता.

एवढ्यावरच पुण्याचा प्रस्ताव बाद झाला. त्या टर्नटेबलला ३३ आणि ४५ या दोनच गती होत्या. आजच्या बऱ्याच बेल्टच्या मशीनची हीच गोष्ट आहे. रेगाचं प्लॅनर ३ घ्या, उत्तम बनावट, पण ७८ नाही. ऐंशी हजार देऊन तिसरा हिस्सा संग्रह मुका ठेवायचा, हे सरांना सांगितल्यावर ते नुसते "अस्सं" म्हणाले.

सुटकेसचा दोष नेमका कुठे

मुलाला वाटलं होतं की स्वस्त मशीन म्हणून आवाज स्वस्त. ते अर्धं खरं. असल्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा विद्युतदाब भरपूर असतो, त्यामुळे कार्ट्रिजचा क्षीण दाब वाढवणारा वेगळा फोनो-ॲम्प्लिफायर लागत नाही. पण सुईला पेलणारा त्याचा रबर ताठ असतो, म्हणून सुईला पाचेक ग्रॅम दाब द्यावा लागतो. चांगलं चुंबकीय कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आत-बाहेर काम करतं. पाच ग्रॅमनेही रेकॉर्ड एका दिवसात खराब होत नाही, सुई धड असली तर. इथे सुई नीलमण्याची होती. कृत्रिम नीलमणी काही दहा तास टिकतो, हिरा काहीशे तास. सर रोज संध्याकाळी वाजवत होते, म्हणजे सुई केव्हाच झिजून तिला कडा आल्या होत्या. फुत्कार तिथून येत होता.

७८ चं दुखणं वेगळं. लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. स्टिरिओ एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. प्लेअरच्या बटणावर ७८ हा आकडा छापलेला होता, गती बरोबर मिळत होती, पण सुई तीच एलपीची. ती खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी साचलेल्या धुळीतून आणि कपच्यांतून घासत जाते. सरांना खरखर ऐकू येत होती ती त्या तळाचीच होती. जुन्या प्लेअरवर कार्ट्रिजला एक छोटी मूठ असायची, ती फिरवली की एका बाजूची सुई जाऊन दुसऱ्या बाजूची खाली यायची. सरांना ते आठवत होतं, "बाबा पिन पलटायचे." नव्या सुटकेसमध्ये पलटायला काही नव्हतंच.

थोडं विषयांतर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांचं गाणं आहे. त्या तबकडीच्या वेष्टनात कार्ट्रिज आणि सुईही ठेवलेली आहे, आणि ती कशी वापरायची याची आकृती वर कोरलेली आहे. आपल्याकडे मात्र घर आवरताना आधी सुईची डबी कचऱ्यात जाते.

गॅरार्ड

खालच्या फळीवरचं एसपी-२५ बाहेर काढलं. हे गॅरार्डचं परवडणाऱ्या दरातलं मशीन. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातली ३०१ (१९५४) आणि ४०१ (१९६५) ही ज्यांच्यासाठी लोक आज लाखाच्या बाता मारतात ती थोर भावंडं, हे त्यांचं धाकटं. ते थोरल्यांच्या तोडीचं आहे असा दावा मी करणार नाही. पण त्याला तीन गोष्टी होत्या. ७८ ची गती होती, अर्ध्या इंचावरच्या दोन स्क्रूंचं कोणतंही कार्ट्रिज बसेल असा टोनआर्म होता, आणि ते घरात होतं.

कार्ट्रिज गेलेलं होतं, ते अपेक्षितच. आधीच्या कुणीतरी त्यावर क्रिस्टल कार्ट्रिज लावलेलं होतं. त्यातला स्फटिक रोशेल मिठाचा असतो, आणि हे मीठ दमट हवेत पाणी धरून विरघळतं. कोल्हापूरचे चार पावसाळे पुरेत, इथे तर कितीतरी झाले होते.

मशीन चालू केलं तर प्लेट फिरली, पण जडपणे. तपासायला दुसरं कार्ट्रिज तात्पुरतं लावून एलपी टाकली. दोन दोष ऐकू आले. एक, सूर उतरलेला. सरांच्या पत्नी आतून हार्मोनियम घेऊन आल्या आणि सुटकेसवर काळी एकला लागणारा षड्ज इथे काळी एक आणि पांढरी एकच्या मध्ये कुठेतरी लागतो हे त्यांनी दोन मिनिटांत दाखवून दिलं. एक अर्धस्वर म्हणजे गतीत जवळजवळ ६ टक्क्यांचा फरक. अर्ध्या अर्धस्वराची चूक म्हणजे ३ टक्के.

कागदावर छापलेली स्ट्रोबची चकती ठेवून खात्री केली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ ला बरोबर १८० रेघांची चकती स्थिर दिसते. हॉलमधल्या एलईडी ट्यूबखाली ती स्थिरही दिसेना आणि सरकतानाही दिसेना, नुसती करडी. आतलं सर्किट एलईडीला सलग वीज देतं, लुकलुकच नाही. शेवटी देवघरातला तारेचा झिरोचा बल्ब लांब वायरने बाहेर आणला, तेव्हा रेघा दिसल्या आणि मागे सरकत होत्या. सेकंदाला एक रेघ सरकली तर चूक १ टक्का. इथे सेकंदाला तीनेक जात होत्या. म्हणजे हार्मोनियम आणि बल्ब यांचं एकमत होतं.

दुसरा दोष 'टक टक टक' असा बारीक, सततचा. बरेच जण याला रेकॉर्डचा ओरखडा म्हणून सोडून देतात. पण ३३⅓ ला प्लेट १.८ सेकंदांत एक फेरा घेते, ओरखडा त्या तालात वाजतो. हा आवाज सेकंदाला तीन-चार वेळा येत होता, आणि गती ४५ वर नेली की तो घाई करायचा. प्लेटपेक्षा लहान, प्लेटबरोबर वेग बदलणारं चाक आत एकच, आयडलरची रबरी चाकी. ती मोटरच्या पुलीला एका बाजूने आणि प्लेटच्या आतल्या कडेला दुसऱ्या बाजूने टेकून असते. मशीन बंद करताना चाकी दाबात अडकून राहिली तर वर्षानुवर्षांत तिला एका जागी चेप पडतो. प्लेट उचलून बघितलं तर तसंच. चेप नखालाही लागत होता आणि रबर लाकडासारखं वाजत होतं.

उद्यमनगर

नवी चाकी परदेशातून मागवता येते. पण ज्या गावात शिवाजी उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत आहे तिथे चाकीसाठी टपालाची वाट का बघायची? सर आणि मी चाकी रुमालात गुंडाळून एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या दुकानात सकाळभर पंपाचे शाफ्ट चालतात. त्यांनी चाकी दोन बोटांत फिरवली, कानाशी नेली.

"सर, बुश बी गेलाय हिचा. रबराचं नंतर बघू, आधी ही डुलतीया ती थांबवायला पाहिजे."

हे मला आवडलं. बाहेरून बघणारा रबरावर जातो, लेथवाला मध्यावर जातो. त्यांनी काशाचा नवा बुश, म्हणजे चाकीच्या मधल्या भोकातली नळी, बसवला. चाकीचं जुनं रबर काढून त्यावर नवा थर चढवायचं काम छापखान्याचे रोलर करणाऱ्या एकाकडे दिलं, आणि रबर पक्कं झाल्यावर चाकी स्वतःच्याच बुशवर धरून लेथवर घासून घेतली. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. चाकी दुसऱ्याच मांड्रेलवर (लेथवर धरायच्या दांड्यावर) धरून घासली तर ती लेथवर गोल असते आणि मशीनमध्ये पुन्हा डुलते. रबर किती मऊ हवं यावर थोडा वाद झाला. मिस्त्रींचं म्हणणं टिकाऊ हवं म्हणून कडक, माझं म्हणणं मोटरचा थरथराट प्लेटपर्यंत पोचू नये म्हणून जरा मऊ. अंगठ्याने दाबून मधलं काहीतरी ठरलं. मिस्त्रींनी पैसे विचारल्यावर हात हलवला, "आधी गाणं वाजू दे." सरांनी बळेच दिले.

दरम्यान घरी मशीन उघडून जुनं वंगण काढलं. त्या काळचं ग्रीस सुकून मेणासारखं होतं. मोटरच्या आणि प्लेटच्या बेअरिंगमधलं ते पुसून हलकं मशीन ऑइल दिलं. सूर उतरण्याचं मुख्य कारण हेच होतं. प्रेरण मोटरवर बोजा वाढला की ती मागे पडते. साफसफाईनंतर, नवी चाकी बसवल्यावर, रेघा झिरोच्या बल्बखाली जवळजवळ जागच्या जागी राहिल्या.

कार्ट्रिज

आता कुठे कार्ट्रिजचा विचार. मुलाने नेटवर वाचून ऑर्टोफॉनच्या टू-एम रेडचं नाव काढलं होतं. चांगलं कार्ट्रिज आहे, पण ते या हातावर बसतं का?

कार्ट्रिजचा रबर म्हणजे स्प्रिंग आणि हात म्हणजे वजन, दोघांचा मिळून एक कंपन-आकडा असतो. तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवा. खाली गेला तर वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि मोटरचा कंप त्याला झुलवतात, वर गेला तर गाण्याच्या खर्जात शिरतो. हिशेब सोपा आहे. हात, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं ग्रॅममधलं एकूण वजन गुणिले लवचीकतेचा आकडा, त्याचं वर्गमूळ, आणि १५९ भागिले ते वर्गमूळ. हाताचं परिणामी वजन मी १४ ग्रॅम धरलं. टू-एम रेडचं वजन ७.२ ग्रॅम, लवचीकता २०. उत्तर साडेसातच्या आसपास येतं, जरा खाली. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई चं वजन ६.१ ग्रॅम. तिच्या कागदावर लवचीकता ७ दिसते आणि नवखा माणूस दचकतो, पण जपानी कंपन्या हा आकडा १०० हर्ट्झवर मोजतात. युरोपीय आकड्याशी तुलना करायची तर तो पावणेदोन ते दोनपट धरावा लागतो. तसा १२-१३ धरला तर उत्तर १० हर्ट्झच्या जवळ येतं, अगदी मधोमध.

पण खरा कौल दिला तो दुसऱ्याच गोष्टीने. व्हीएम९५ च्या एकाच अंगावर त्या मालिकेतली कुठलीही सुई ओढून बदलता येते, आणि त्या सुयांमध्ये ७८ साठीची जाड सुईही आहे. सरांच्या कपाटाला हेच हवं होतं, बाबांनी पिन पलटायची ती सोय नव्या रूपात. एलपी-ईपीसाठी लंबवर्तुळी सुई आणि ७८ साठी जाड सुई, अशा दोन घेतल्या.

मुलाने फोनवर विचारलं, त्याच मालिकेतली मायक्रोलिनियर सुई का नाही, ती तर सगळ्यात बारीक. कंपनीच्याच आकड्यांनुसार ती हजार तास चालते, लंबवर्तुळी तीनशे. मी नको म्हटलं. बारीक सुई जुळवणीच्या बाबतीत नखरेल असते, आणि या हाताच्या सरकत्या पट्टीवर कार्ट्रिज मागे-पुढे करायला फारशी जागा नाही. तीनशे तासांनंतर बघू.

दाब मोजायला सरांच्या पुतण्याने गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका ओळखीच्या दुकानातून खिशातला वजनकाटा आणला. सोन्याला चालतो तर सुईला का नाही? दोन कारणांनी नाही. काट्याचं ताट रेकॉर्डपेक्षा बरंच वर होतं, त्यामुळे हात तिरका होऊन आकडा बदलत होता. आणि ताट लोखंडी होतं, कार्ट्रिजमधले चुंबक त्याला खेचून दाब फुगवून दाखवत होते. रेकॉर्डच्या उंचीवर मोजणारा स्वस्तातला सुई-काटा मागवला आणि त्यावर २ ग्रॅम लावले. ७८ च्या सुईला दाब बराच जास्त लागतो, तो तिच्या कागदावरून. सुई बदलली की दाब बदलायचा, हे सरांनी खडूने झाकणाच्या आत लिहून ठेवलं आहे.

राहिला फोनो-ॲम्प्लिफायर. चुंबकीय कार्ट्रिजमधून चार-पाच मिलिव्होल्ट निघतात आणि त्याला आरआयएए वक्राची भरपाई लागते (रेकॉर्ड कापताना खर्ज ठरलेल्या प्रमाणात कमी आणि बारीक आवाज जास्त ठेवतात, ते वाजवताना उलटं करावं लागतं), सरांच्या ॲम्प्लिफायरला तसं इनपुट नव्हतं. एक छोटा वेगळा घेतला, मोनोचं बटण असलेला. या बटणावर मी अडून बसलो होतो. मोनो रेकॉर्डवर गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसता कचरा. दोन वाहिन्या एकत्र केल्या की उभा कचरा एकमेकांना कापतो. बटण दाबल्यावर बालगंधर्वांच्या मागची वाळू अर्ध्यावर आली आणि सरांनी ते पुन्हा सोडून, पुन्हा दाबून बघितलं. ७८ वर आवाज जरा दबका वाटतो, कारण आरआयएए १९५४ चा आणि त्याआधीच्या रेकॉर्ड्स वेगवेगळ्या वक्रांवर कापलेल्या. ट्रेबलची कळ थोडी चढवली की काम भागतं.

घुंघुं आवाज राहिला होता. अर्थिंगची वायर ॲम्प्लिफायरला जोडल्यावर बहुतेक गेला. पण हात रेकॉर्डच्या आत सरकतो तसा किंचित वाढतो, म्हणजे तेवढा मोटरच्या चुंबकीय क्षेत्राचा. तो या मशीनचा स्वभाव आहे. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ऐकू येतो, गाण्यात नाही.

काय सुधारलं, काय नाही

'स' आणि 'श' सुधारले. सगळे नाही. एलपीच्या बाहेरच्या खाचेत सुई सेकंदाला ५१ सेंटीमीटर धावते, आतल्या शेवटच्या खाचेत २१. तिथे मुळातच जागा कमी, आणि सुटकेसच्या झिजलेल्या सुईने ज्या दहा-बारा एलपी सारख्या वाजल्या त्यांच्या शेवटच्या पट्ट्यात द्रुत तान अजून फाटते. ते नुकसान आता कुठलंही मशीन भरून काढणार नाही. सरांना हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी त्या एलपी वेगळ्या ठेवल्या.

स्वच्छतेचा एक धोका वेळेत टळला. पुतण्या एलपी पुसायला अल्कोहोल घेऊन आला होता आणि त्याच फडक्याने ७८ पुसणार होता. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ७८ फक्त डिस्टिल्ड पाण्याने, थेंबभर सौम्य साबण घालून, आणि लेबल कोरडं ठेवून. बुरशी मात्र एलपींनाच जास्त होती, जुन्या प्लॅस्टिकच्या आतल्या पिशव्यांत पावसाळ्याची दमट हवा कोंडलेली. पिशव्या बदलल्या.

मुलाचा अजून एक प्रश्न होता आणि तो रास्त होता. एवढ्या उठाठेवीपेक्षा ७८ ची गती असलेलं नवं मशीनच का नाही घेतलं? ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स घेतलं असतं तर डायरेक्ट ड्राइव्ह (प्लेट थेट मोटरवर), तिन्ही गती, व्हीएम९५ई आणि फोनो-ॲम्प्लिफायर हे सगळं एकाच खोक्यात आलं असतं, फक्त ७८ ची सुई वेगळी. घरात गॅरार्ड नसतं तर मी तेच सुचवलं असतं, आणि ज्यांच्याकडे लेथवाला मिस्त्री नाही त्यांना आजही तेच सुचवतो. उद्या गॅरार्डची मोटर गेली तर कार्ट्रिज, दोन्ही सुया आणि मोनोचं बटण जसंच्या तसं नव्या मशीनवर जाईल. म्हणून आधी त्यांच्यावर खर्च केला.

सुटकेस प्लेअर पुतण्याने मागितला होता. सरांनी दिला, पण त्याची पिन काढून घेतली.